हिरवी वायर

१२ जानेवारी

डायरी एक तारखेपासून लिहायची ठरली होती, सुरुवात बाराला होते आहे. माझ्या मानाने हे लवकरच म्हणायचं.

कारणही तसंच आहे. कैलास, माझा धाकटा भाऊ, आज वर्ध्याहून आला तो फाटकातूनच ओरडत. "दादा, पोरीचं जमलं!" चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात इथे देवळीच्या मैदानावर अंकिताला अर्धा तास मिळाला आहे. एकटीला. ती गिटार वाजवत गाणार आणि मागे फक्त कैलासची ढोलकी.

दरवर्षी त्या मंचावर कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि मंगल कार्यालयातून आणलेले स्पीकरचे खोके असा दणदणाट असतो की गाण्यातला एक शब्द कानी पडेल तर शपथ. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. बावीस वर्षं लोकांना 'हळू बोला' सांगण्याचा पगार घेतो. माझ्या मुलीचं गाणं असं गोंगाटात बुडू देणार नाही, हे मी कैलासला तिथल्या तिथे सांगितलं. तिचा आवाज बारीक आहे, पण सुरात आहे. तिच्या गिटारमागे आवाज असा हवा की प्रत्येक तार वेगळी कळावी. गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, म्हणजे सध्याचा आमचा अ‍ॅम्प, वाजतो तो डब्यात खडे घातल्यासारखा.

"अ‍ॅम्पचं माझ्याकडे," मी म्हणालो. अंकिता आतून ऐकत होती. बाहेर आली नाही, पण स्वयंपाकघरात उगीच भांडी वाजली.

२६ जानेवारी

झेंडावंदन उरकून कैलास आणि मी नागपूरला गेलो. तो ढोलकी घेऊनच आला होता. दुकानदाराला वाटलं विकायला आणली.

मला व्हॉल्व्हचाच अ‍ॅम्प हवा आहे. नानाजींच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, जुन्या रेडिओत असायच्या तशा तापणाऱ्या काचेच्या नळ्या. त्यातून सूर गोल निघतो, अंगावर येत नाही. दुकानात दोन होते. एक इतका जड की मोटारसायकल तर सोडाच, तो एसटीत चढवायलाही दोन माणसं लागतील. आवाज मात्र सुरेख. दुसरा डबा उचलावा तसा उचलता येणारा. तोही सुरेख, पण कैलासने ढोलकीवर थाप मारली आणि मी आवाज वाढवला तर सूर फाटायला लागला. दुकानदार म्हणाला, आजकाल पोरांना फाटलेलाच आवडतो. मी म्हणालो, मला धुतलेला हवा.

परत येताना कैलास म्हणाला, "दादा, तुले बायको पाह्यला गेलो तवा बी तू इतका नखरा नाई केला." जयाला हे सांगायचं नाही असं आमचं ठरलं. घरी पोचताच त्याने पहिलं तेच सांगितलं.

९ फेब्रुवारी

मिळाला!

नागपुरात अजनीला लक्ष्मणराव म्हणून आहेत. पंचाहत्तरीचे. एकेकाळी क्लबांत वाजवायचे. त्यांच्याकडे कलकत्त्याच्या कुणा कारागिराने हाताने बांधलेला अ‍ॅम्प आहे. लाकडी पेटी, वर चामड्याची मूठ, गव्हाच्या पायलीएवढा आकार. एका हाताने उचलला. त्यांनी तो तापू दिला आणि एकच तार छेडली. मी वर्णन करणार नाही. अंकिताने माझा दंड धरला, एवढंच लिहितो. आवाज वाढवला, आणखी वाढवला, तरी तसाच स्वच्छ.

म्हातारा विक्षिप्त आहे. खुर्चीत बसून दोन्ही पाय लाकडी पाटावर ठेवून वाजवतो. पायात वर रबरी चपला. निघताना पाट आमच्या पुढे केला. "हा बी न्या. याच्याशिवाय मी कधी वाजवला नाही."

"का बरं?"

"आमच्या उस्तादांनी लावलेली सवय. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही."

पाट सागवानी, अ‍ॅम्पपेक्षा जड. मोटारसायकलवर कुठे ठेवणार? सहज नेता यावा म्हणून तर हा छोटा घेतला. नमस्कार करून तिथेच सोडला.

१२ फेब्रुवारी

जुन्या पेटीला दोन पिनांची वायर होती. इंटरनेटवर वाचलं की जुन्या अ‍ॅम्पला अर्थिंग असलंच पाहिजे. मी निष्काळजी माणूस नाही. चौकातून तीन पिनांचा प्लग आणि नवी वायर आणली, अर्थिंगची हिरवी वायर आतल्या पत्र्याला नीट कसली आणि चालू केला.

आतून भुणभुण. गिटारला हात लावायच्या आधीच. माशी बाटलीत अडकल्यासारखी, एकसुरी, न थांबणारी.

१६ फेब्रुवारी

चार दिवस त्या भुणभुणीच्या मागे आहे. व्हॉल्व्ह हलवून पाहिले, गिटारची वायर बदलली, फ्रीज बंद केला. जया म्हणते तिला काही ऐकू येत नाही. तिला कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही.

आज एक शोध लागला. घराच्या मागे अर्थिंगचा खड्डा आहे. घर बांधलं तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं की उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा, आणि वडील ते व्रतासारखं पाळतात. तुळशीला घालावं तसं रोज सकाळी बादलीभर. आज त्यांनी पाणी टाकलं आणि भुणभुण वाढली! मी खिडकीतून ओरडलो, "नानाजी, थांबा जरा!"

"काऊन? खड्ड्याले तहान लागते बाप्पा," ते म्हणाले आणि उरलेली बादलीही ओतली.

म्हणजे दोष अर्थिंगचा. स्वच्छ पेटीत आमच्या जमिनीतली घाण वर चढते आहे.

१८ फेब्रुवारी

प्लग उघडला. हिरवी वायर सोडवली, टोक दुमडून त्यावर चिकटपट्टी लावली, प्लग बंद केला. बाहेरून पाहणाऱ्याला तीन पिना जागच्या जागी दिसतात.

चालू केला. काही नाही. पूर्ण शांतता. मग अंकिताने पलंगावर मांडी घालून वाजवलं आणि जया पोळ्या सोडून दारात येऊन उभी राहिली. मला इतकं बरं वाटलं की मी उगीचच नानाजींच्या पाया पडलो. ते म्हणाले, "पगार वाढला काय?"

इंटरनेटवर एक गोरा हिरवी वायर सोडू नका म्हणून बोटं नाचवत होता. त्यांच्याकडची वीज वेगळी, व्होल्ट वेगळे. लक्ष्मणरावांनी चाळीस वर्षं दोन पिनांवरच वाजवला, ते बसलेत की ठणठणीत.

२ मार्च

जया रुसली आहे. ओल्या फडक्याने ओटा पुसता पुसता अ‍ॅम्पचीही धूळ पुसायला गेली आणि किंचाळली. म्हणे हातातून खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. मी लगेच जाऊन मूठ धरली, पत्र्याला हात लावला. काही नाही. माझ्या पायात स्लिपर होत्या, हात कोरडे होते, मी तिला हेही सांगितलं की ओल्या फडक्याने विजेची वस्तू पुसत नाहीत.

"मी याले आता हात लावणार नाई," ती म्हणाली. "आणि पोरीलेबी लावू देऊ नका."

तिला पहिल्यापासून हा घरात नकोच होता. पलंगाखालची जागा गेली ना तिची.

१६ मार्च

आज सराव कैलासच्या नव्या फ्लॅटवर, वर्ध्याला. फ्लॅट सहा महिन्यांचा. फरशी इतकी चकचकीत की चपला बाहेरच काढाव्या लागतात. मी नाही काढल्या, मला टाचेचं दुखणं आहे.

अ‍ॅम्प लावला, मी वाजवून पाहिला. उत्तम. मग अंकिताने उभं राहून गिटार गळ्यात घातली, तारांवर हात ठेवला आणि घरातली वीज गेली. मीटरजवळच्या पेटीतलं एक बटण खाली पडलं होतं. कैलासने वर केलं. तिने हात लावला, पुन्हा गेली. तिसऱ्यांदाही तेच. मी वाजवलं की काही नाही, ती शिवली की अंधार.

"पोरीच्या हातात करामत हाय," कैलास म्हणाला. "बिल्डरनं बटनच नाजूक लावून देल्लं, दादा. जराशात पडते. मिक्सरनं बी पडलं होतं एकदा. मैदानावर असली नाटकं नाई, तिथं डायरेक्ट जनरेटर."

अंकिता पंजा झटकत होती. शेवटी तिला सोफ्यावर पाय वर घेऊन बसवलं, तेव्हा कुठे बटण शांत राहिलं. पुढे दोन तास मात्र असा सराव झाला की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन बसली. कैलास हळूच वाजवत होता, पुतणीच्या आवाजाला धक्का न लावता. इतका दांडगट माणूस आणि बोटं किती जपून पडतात त्याची. मी त्याला हे सांगितलं नाही. कार्यक्रम झाल्यावर सांगेन.

२३ मार्च

अंकिता म्हणते तारा चावतात. नेहमी नाही, कधी कधी. न्हाऊन आल्यावर जास्त. मी म्हणालो, नव्या तारा आहेत, बोटांची कातडी मऊ आहे, घट्टे पडले की थांबेल.

"तसं नाई बाबा. ओठाले बी लागते, माइकजवळ गेली की."

माइक विहारातून सरावासाठी आणला आहे, त्याला गंज आहे. फडक्याने पुसून दिला. नंतर मी स्वतः गिटार घेऊन माइकला ओठ टेकवले. किंचित चुरचुरलं असेल. मनाचे खेळही असतात.

खरं सांगायचं तर आज थोडा वेळ वाटलं की प्लग उघडून ती वायर जोडून टाकावी. उघडलाही. मग भुणभुण आठवली. अर्धं देवळी समोर बसलेलं आणि माझ्या मुलीच्या गाण्याखाली ती माशी. प्लग बंद केला.

१३ एप्रिल

उद्या!

मैदान पाहून आलो. लोखंडी पाइपांवर फळ्या टाकून मंच केला आहे, वर सतरंजी. गरमी अशी की सतरंजीवर पाय ठरत नाही, म्हणून उद्या दुपारपासून मैदानावर टँकरने आणि मंचावर पाइपने पाणी मारणार. मंचावर तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो असतो, त्यामुळे वर सगळे अनवाणी. मलाही चपला काढाव्या लागतील, टाच सांभाळून.

जनरेटर सचिनचा. मंडपाचं सगळं तोच बघतो. तरुण आहे, पण कामाला चोख वाटला. मी विचारलं, आवाजात भुणभुण तर येणार नाही? म्हणाला, "सर, तुमच्या पेटीले अर्थिंग हाय नं?"

"तीन पिनांचा प्लग आहे," मी म्हणालो.

"मंग काई टेन्शन नाई."

अंकिताने नवी पांढरी साडी इस्त्री करून ठेवली आहे. कैलास इथेच मुक्कामाला आहे, ढोलकीला शाई लावत बसला आहे आणि तिला चिडवतो आहे. जयाने खीर केली.

१५ एप्रिल

कैलास गेला.

१७ एप्रिल

लिहिलं नाही तर डोकं फुटेल, म्हणून लिहितो.

संध्याकाळी सात वाजता अंकिताचं नाव पुकारलं. ती पायऱ्यांशी सँडल काढत होती. पट्टा अडकला होता आणि ती हसत होती. माइकचा दांडा तिच्यासाठी उंच होता. कैलास ढोलकी बाजूला ठेवून उठला, "थांब, काका करून देते." गिटार अ‍ॅम्पला जोडून त्यालाच टेकवून ठेवली होती, तिला द्यायला म्हणून ती त्याने डाव्या हातात उचलली. उजव्या हाताने माइकचा दांडा धरला.

त्याने आवाज काढला नाही. तो नुसता ताठ झाला. लोकांना वाटलं गंमत करतो आहे, तो गमत्याच होता. काही जण हसले. मग दांडा आणि गिटार घेऊन तो ओल्या सतरंजीवर पडला. सचिन धावत जाऊन जनरेटर बंद करेपर्यंत कुणालाच त्याला शिवता आलं नाही. मी तीन हातांवर होतो. मला माझ्या भावाला हात लावता आला नाही.

वर्ध्याला नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

१८ एप्रिल

काल चौकशीला माणसं आली होती. जनरेटर जप्त केला आहे. त्याच्या वायरी जागोजागी उघड्या होत्या म्हणतात. असतील. त्या रात्री लोकांनी सचिनला मारलं, तो दवाखान्यात आहे. तो एकच सांगतो आहे की माझं जनरेटर बरोबर होतं.

त्यांनी अ‍ॅम्पही पाहिला. प्लग हातात घेऊन एक जण दुसऱ्याला म्हणाला, "याले तीन पिना हायेत, हे ठीक हाय." पेटी बाजूला सरकवली. प्लग कुणी उघडला नाही. त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही.

दुपारी सचिनची आई आली होती. फाटकाशी उभी राहिली, आत आली नाही. जयाला म्हणाली, "माह्या पोरानं तुमचा माणूस नाई मारला वो." जया माझ्याकडे पाहत होती. का पाहत होती?

सगळे म्हणतात जनरेटर. जनरेटरच असणार. एवढी मोठी मशीन, उघड्यावर, पाण्यात.

अ‍ॅम्प ऑटोत घालून कुणीतरी घरी पोचवला. एक ओरखडा नाही.

१९ एप्रिल

उद्या सातवा दिवस, घरी कैलासच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. नानाजी दिवसभर खड्ड्याजवळच्या दगडावर बसून असतात. चौदा तारखेपासून त्यांनी पाणी टाकलेलं नाही. बादली कोरडी पडली आहे.

आज पहिल्यांदा बोलले. "कैलासच्या आवडीचं गाणं म्हणू दे पोरीले. तो ऐकाले बसलाच होता नं, ते राहून गेलं."

अंकिता पाच दिवस कुणाशी बोललेली नाही. हे ऐकून तिने मान हलवली. जया मात्र उठून उभी राहिली. "गिटार नाई. नुसतं म्हणू द्या."

"काकाले गिटारच आवडत होती," अंकिता म्हणाली. पाच दिवसांतलं पहिलं वाक्य. मग आम्ही तिला कसे नाही म्हणणार?

मी पलंगाखालून पेटी काढली. काढताना लक्षात आलं की आधी मी दारातून माझ्या स्लिपर आणून पायात घातल्या. कशासाठी, ते मी स्वतःला विचारलं नाही.

२० एप्रिल

सकाळचे पाहुणे यायला वेळ आहे. बायकांनी पुढची खोली धुऊन काढली, फरशी अजून ओली आहे. टेबलावर कैलासचा फोटो, मेणबत्त्या, फुलं. विहारातला माइक आला. अ‍ॅम्प मीच लावला, फोटोच्या बाजूला. तापायला ठेवला आहे.

स्क्रूड्रायव्हर माझ्यासमोर टेबलावर आहे. सकाळी काढून ठेवला. प्लग उघडायचा, हिरवी वायर जागी कसायची, बंद करायचा. चहा निवायच्या आत होईल एवढंच काम.

पण ते केलं तर मी काय केलं असं होईल? आज जोडली तर चौदा तारखेला जोडायला हवी होती असं होईल. मग जया माझ्याकडे पाहत होती ते खरं होईल. सचिनची आई फाटकाशी उभी होती ते खरं होईल. नानाजींना मी कोणत्या तोंडाने सांगू? नाही. जनरेटर होता. घरात जनरेटर नाही. घरची वीज चांगली आहे, मी आत्ताच हात लावून पाहिला, काही लागलं नाही.

स्लिपर होत्या पायात.

कार्यक्रम झाला की जोडतो. सगळे गेले की शांतपणे जोडून टाकीन. कुणाला सांगायची गरज नाही.

अंकिता न्हाऊन आली. केस ओले, तीच पांढरी साडी. दारात थांबून विचारलं, "बाबा, चपला काढू?"

"काढ बेटा," मी म्हणालो. "काका समोर आहे."

ती पुढच्या खोलीत गेली. मी आत बसून लिहितो आहे, कारण तिच्यासमोर मला रडायचं नाही. तारा लावते आहे. वरची लागली. दुसरी लागली. भिंतीपलीकडूनही किती स्वच्छ ऐकू येते. भुणभुण नाही, काही नाही. कैलास, ऐकतो आहेस ना?

तिसरी लावायला घेतली. आता माइक ओढून घेतला असेल, फरशीवर सरकल्याचा आवाज आला.

थांबली.

तार तुटली असेल. बघून येतो.